तपकिरी कागद ते कॉम्प्युटर मॉडेल: गंजाचं गणित

आजची गोष्ट १७६१ सालची. ब्रिटिश नौदलाच्या एचएमएस अलार्म या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले गेले, समुद्रातल्या किड्यांनी लाकूड पोखरू नये म्हणून. दोनेक वर्षांनी तपासणी झाली, तर पत्रे जागोजागी सुटलेले, कारण लोखंडी खिळेच कुजले होते. काही खिळे मात्र चांगले राहिले होते. तिथे पत्र्यांच्या वेष्टनाचा तपकिरी कागद तांबं आणि लोखंडाच्या मध्ये तसाच राहिला होता.

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते. लोखंड झिजतं, तांबं वाचतं. कागदानं ही वाट तोडली, बस्स! पण व्होल्टाची बॅटरी यायची होती १८०० साली, त्यामुळे तेव्हा हे कारण कोण सांगणार?

१८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीनं हीच गोष्ट मुद्दाम वापरली. तांब्याला लोखंड जोडून लोखंड झिजू दिलं. तांबं वाचलं, पण ते विरघळायचं थांबल्यावर तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटायला लागलं.

मग प्रश्न आला: कुठे, किती झिजेल? १९५० च्या दशकात कार्ल वॅग्नर, जेम्स वेबर यांनी याचं गणित मांडलं. पाण्यातल्या व्होल्टेजसाठी लाप्लासचं समीकरण, आणि धातूच्या पृष्ठभागावर त्या-त्या धातूचा स्वभाव सांगणाऱ्या अटी. हातानं सुटायचे ते सोपे आकारच. पुढे कॉम्प्युटरवर आकाराचे बारीक तुकडे करून अख्ख्या जहाजाचा तळ सोडवता यायला लागला.

आता खरी मेख रंगात आहे. झिजतंय लोखंड, म्हणून आपण फक्त लोखंड रंगवतो. त्या रंगावर एक ओरखडा पडला, की उघड्या तांब्याच्या मोठ्या पृष्ठभागाचा सगळा जोर त्या टीचभर जागेवर येतो आणि तिथे खड्डा पडतो. म्हणून आधी तांबं रंगवायचं!

मॉडेलमध्ये ‘रंग आहे, करंट शून्य’ एवढी एक ओळ लिहिली की उत्तर छान येतं. पण खरा रंग पाणी शोषतो, सोलवटतो, ओरखडतो. ओरखडा नसलेलं मॉडेल म्हणजे फक्त सरळ वाटेवर टेस्ट केलेला कोड. चालतो, जहाज पाण्यात उतरेपर्यंत.

भेटूया पुढच्या भागात!