मुका मार

पॅरिस, ३१ ऑगस्ट १९९७

रात्री १२.२३ : आल्मा पुलाजवळच्या बोगद्यात ताशी शंभराच्या आसपास वेगाने आलेली मर्सिडीज तेराव्या खांबावर आदळते. आत प्रिन्सेस डायना, तिचा मित्र दोदी फायेद, चालक आणि अंगरक्षक असे चौघे, एकानेही सीटबेल्ट लावलेला नाही. चालक आँरी पॉल आणि दोदी यांचा खेळ तिथेच संपतो. गाडीचा वेग एका झटक्यात तुटतो, पण छातीतलं हृदय त्या हिसक्याने सरकतं आणि डायनाच्या फुप्फुसातून हृदयात रक्त आणणारी एक शीर मुळाशीच फाटते. बाहेरून काही दिसत नाही.

काही मिनिटांत : रस्त्याने चाललेले डॉ. फ्रेदेरिक मायेझ गाडी थांबवून धावतात. पुढच्या सीटवरच्या अंगरक्षकाचा चेहरा चिरडलेला आहे. त्या मानाने डायना बरी वाटते. कण्हते आहे, तळमळते आहे. मायेझ तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरतात. डोक्याला मार बसलेला माणूस असाच तळमळतो आणि आतल्या आत रक्त जाणाराही असाच. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कुणालाच सांगता येत नाही. चेहरा चिरडलेला तो अंगरक्षक पुढे वाचला.

१२.४० : डॉक्टर असलेली रुग्णवाहिका पोहोचते. फ्रान्सची पद्धतच अशी, उपचार आधी जागेवर.

१.०० : गाडीतून बाहेर काढताना तिचं हृदय थांबतं. छाती दाबून ते पुन्हा चालू करतात. मग श्वासाची नळी, सलाइन, रक्तदाब टिकवायची औषधं.

१.४१ : रुग्णवाहिका निघते, मुद्दाम सावकाश. रुग्णालय हाकेच्या अंतरावर आलेलं असताना रक्तदाब कोसळतो आणि गाडी थांबवावी लागते. या संथपणावर पुढे खूप टीका झाली. मला ती सगळी पटत नाही. धक्क्याने हृदय पुन्हा थांबेल ही त्या डॉक्टरांची भीती खरी होती. पण छातीतला असा रक्तस्राव सलाइनने थांबत नाही, त्याला टाकेच लागतात, हेही तितकंच खरं.

२.०६ : पितिए-साल्पेत्रिएर रुग्णालय. एक्स-रेमध्ये छातीच्या उजव्या बाजूला रक्त साठलेलं दिसतं. थोड्याच वेळात हृदय पुन्हा थांबतं. सर्जन मोन्सेफ दाहमान तिथल्या तिथे छाती उघडतात. हृदयशल्यविशारद आलँ पावी येतात, छेद डावीकडे वाढवतात, तेव्हा कुठे ती फाटलेली शीर सापडते. टाके पडतात, रक्त थांबतं. मग हृदय हातात धरून दाबत राहणं, विजेचे झटके, पुन्हा दाबणं.

४.०० : हात थांबतात.