गप्पांचे इतिवृत्त

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता एखादी गोष्ट ठरून जाते. सहल कुठे न्यायची, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे ठेवायची. त्या दिवशी रजेवर असलेल्या बाईंना मात्र ते आठवड्याने कळते, आणि मग रुसवेफुगवे होतात. आपल्यापैकी बहुतेकांनी हे अनुभवलेले असेल. हीच अडचण जगभर विखुरलेल्या संगणकवाल्यांपुढे कशी उभी राहिली, त्याची हकीकत आपण पाहू.

ऑगस्ट १९८८. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन नावाचा विद्यार्थी उन्हाळ्यापुरता एका संगणकाची देखभाल करत होता. काम बेताचेच होते. उरलेल्या वेळात त्याने एक आज्ञावली लिहिली. दूरदूर बसलेली माणसे तिच्यामुळे एकाच वेळी टंकलेखन करून गप्पा मारू शकत. तिचे नाव इंटरनेट रिले चॅट, म्हणजेच आयआरसी.

यातला ‘रिले’ हा शब्द नेमका आहे. तुम्ही एक ओळ लिहिली की तुमचा सर्व्हर ती शेजारच्या सर्व्हरला देतो, तो पुढच्याला. सर्व्हरांची ही जोडणी झाडाच्या फांद्यांसारखी असते. कोणत्याही दोघांमध्ये वाट एकच, त्यामुळे तीच ओळ दोनदा पोचत नाही की गोल गोल फिरत राहत नाही. पण मधली एखादी फांदी तुटली तर झाडाचे दोन तुकडे होतात आणि दोन्हीकडच्यांना वाटते की पलीकडचे सगळे एकदमच उठून गेले! मे १९९३ मध्ये या व्यवस्थेचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांत एका निरोपाची मर्यादा ५१२ बाइट ठरली. (इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आज रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, म्हणजे आपल्या वाट्याला तिसरा हिस्साच आला.)

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. सर्व्हर निरोप पुढे देतो आणि विसरतो. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला, तेव्हा तिथल्या बातम्या आयआरसीवरून बाहेर येत होत्या. त्या संभाषणातले काही आज वाचायला मिळते, कारण ऐकणाऱ्यांनी ते आपापल्या संगणकावर उतरवून ठेवले होते.

त्याच १९९१ साली, त्याच फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची सुरुवात केली. कोणीही वाचावी, कोणीही सुधारावी अशा मुक्तस्रोत आज्ञावल्यांवर काम करणारी माणसे देशोदेशी होती. पुष्कळांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नव्हते. आयआरसी त्यांच्या पथ्यावर पडली. तिला मंद जोडणी आणि नुसता मजकूर दाखवणारा पडदा पुरे होता. (आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ पासून लोकांना इंटरनेट दिले. विद्यार्थ्यांच्या स्वस्त जोडणीवर चित्रे दिसत नसत, पण आयआरसीला त्याने काय फरक पडतो?) रॉब लेव्हिन या अमेरिकन गृहस्थाने अशा गटांसाठी वेगळे जाळे उभारले. २००२ मध्ये त्याचे नाव फ्रीनोड झाले. चार वर्षांनी सायकलला झालेल्या अपघातात लेव्हिन वारले, पण जाळे वाढत राहिले.

आता पेच बघा. आज्ञावलीतला एकूण एक बदल तारीखवार नोंदलेला असतो, तो कोणालाही तपासता येतो. पण तो बदल का केला ही चर्चा मात्र हवेत विरून जाते. अमेरिकेत दुपारी झालेल्या गप्पांच्या वेळी भारतातला सहकारी झोपलेला असतो. तो रजेवरच्या बाईंसारखाच! यावर गटांनी आपापले उपाय काढले. उबंटूने आपल्या दालनांतले संभाषण सर्वांना वाचता येईल असे साठवले. अपॅची संस्थेने ठरवले की गप्पा कुठेही मारा, निर्णय ई-पत्रांतूनच झाला पाहिजे. डेबियन आणि फेडोराच्या बैठकींत एक यंत्रलेखक हजर राहू लागला. बैठक सुरू झाल्याची खूण केली की तो लिहू लागतो. कोणी ठरावाची किंवा कामवाटपाची खूण केली की ती ओळ वेगळी काढतो आणि शेवटी इतिवृत्त तयार करतो. आमच्या मते ही युक्ती फार साधी आणि फार शहाणपणाची आहे. बोलता बोलताच ‘हे ठरले’ असे उघड म्हणावे लागते, आणि कोणाला ते मान्य नसेल तर तो तिथेच हरकत घेतो.

बोलण्याची नोंद राहिली तरी बोलण्याची जागा कोणाची, हा प्रश्न उरलाच होता. २०१७ मध्ये फ्रीनोडच्या नावाची कंपनी एका उद्योजकाच्या हाती गेली. जाळ्यावर हुकमत कोणाची यावरून पुढे वाद पेटला आणि १९ मे २०२१ रोजी फ्रीनोड चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी एकत्र राजीनामे दिले. त्यांनी लगेच लिबेरा चॅट हे नवे जाळे सुरू केले. त्याची विनानफा संस्था स्वीडनमध्ये आहे. ज्या दालनांनी आपल्या पाटीवर या नव्या पत्त्याचा उल्लेख केला होता, त्यांपैकी शेकडो दालने फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनाने आठवड्याभरात ताब्यात घेतली. आज्ञावलीला मुक्त परवाना होता, तिच्या प्रती हजारो संगणकांवर होत्या, त्यामुळे तिला कोणी कुलूप घालू शकत नव्हते. ज्या खोलीत बसून ती घडली, त्या खोलीला असा परवाना नव्हता.

उबंटू, फेडोरा, विकिमीडिया यांच्यासारखे मोठे गट थोड्याच दिवसांत लिबेरावर गेले. दालनांची नावे बहुतेक तीच राहिली. प्रत्येकाला आपले टोपणनाव मात्र नव्याने नोंदवावे लागले.