नैनिताल

उत्तराखंड राज्याच्या कुमाऊँ विभागाचे व नैनिताल जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आणि बाह्य हिमालयातील एक प्रसिद्ध गिरिस्थान. लोकसंख्या ४१,३७७ (२०११). हे काठगोदाम या लोहमार्ग-स्थानकापासून सडकेने सु. ३५ किमी. अंतरावर असून समुद्रसपाटीपासून सु. १,९४० मी. उंचीवर असलेल्या नैनी सरोवराच्या काठी व त्याभोवतीच्या डोंगरउतारांवर वसले आहे. सरोवर, घनदाट वनश्री व हिमशिखरांचे दर्शन यांमुळे पर्यटकांचे ते मोठे आकर्षण ठरले आहे. तथापि ज्या तीव्र उतारांमुळे या स्थळाला सौंदर्य लाभले, तेच उतार त्याच्या अस्तित्वाला वारंवार धोका देत आले आहेत. शहराचा सु. पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा बव्हंशी उतार व सरोवर सांभाळण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

भूरचना : नैनी सरोवर मूत्रपिंडाच्या आकाराचे असून वायव्य-आग्नेय दिशेत पसरले आहे. त्याची लांबी सु. १·४ किमी., जास्तीत जास्त रुंदी सु. ४५० मी., क्षेत्रफळ सु. ०·४८ चौ. किमी. व कमाल खोली सु. २७ मी. आहे. वायव्य टोकाकडील वस्तीस मल्लीताल (वरचा ताल) व आग्नेय टोकाकडील वस्तीस तल्लीताल (खालचा ताल) म्हणतात. सरोवराच्या उत्तरेस नैना शिखर (सु. २,६१० मी.; पूर्वीचे नाव चीना शिखर), ईशान्येस शेर-का-डांडा व नैर्ऋत्येस अयारपाटा हे डोंगर आहेत. सरोवराचे जादा पाणी तल्लीताल येथील दरवाजांतून बलिया नाल्यात सोडले जाते व तो नाला पुढे गौला नदीस मिळतो.

येथील खडक मुख्यतः शेल, स्लेट, चुनखडक व डोलोमाइट यांचे आहेत. सरोवराच्या लांबीच्या दिशेने एक विभंग (खडकांचे थर तुटून सरकल्याने पडलेली मोठी भेग) गेला असून बाह्य व लघु हिमालय यांना अलग करणारी मुख्य सीमा-प्रणोदरेषाही येथून जवळच आहे. त्यामुळे खडक चुरगळलेले व फुटीर बनले आहेत. सरोवराची उत्पत्ती हिमनदीमुळे झाली की दरडीने दरीचे तोंड बुजल्यामुळे, याविषयी एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांत मोठा वाद झाला. विभंगाच्या हालचालींचा तीत महत्त्वाचा वाटा असावा, असे आता सामान्यतः मानले जाते. शेर-का-डांडाच्या उतारावरील शेल खडक हवापाण्याने लवकर झिजतो. भेगांतून पाणी मुरले की त्यावरील माती व मुरूम सैल होऊन घसरू लागतो. येथील वार्षिक पर्जन्यमान २०० सेंमी.हून अधिक असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. ही भूरचना व हे पर्जन्यमान ध्यानात घेतल्याशिवाय शहराचा इतिहास नीट समजत नाही.

आख्यायिका व प्राचीन उल्लेख : स्कंदपुराणाच्या मानसखंडात या सरोवरास ‘त्रिऋषिसरोवर’ म्हटले आहे. अत्री, पुलस्त्य व पुलह हे तीन ऋषी येथे आले असता त्यांना पाणी मिळेना. तेव्हा त्यांनी खड्डा खणून त्यात मानसरोवराचे पाणी आणले, अशी कथा आहे. दुसऱ्या आख्यायिकेनुसार शिव सतीचे कलेवर घेऊन जात असता तिचा नेत्र येथे पडला व त्यावरून देवीस ‘नैना’ व सरोवरास ‘नैनिताल’ हे नाव मिळाले. वस्ती होण्यापूर्वीही सरोवरकाठच्या देवीस आसपासच्या खेड्यांतील लोक जत्रेसाठी येत आणि उन्हाळ्यात गुराखी या डोंगरांवर गुरे चारीत. म्हणजे हे सरोवर कुमाऊँच्या लोकांना कधीच अज्ञात नव्हते. त्याच्या ‘शोधा’ची जी हकीकत सांगितली जाते, ती यूरोपीयांच्या दृष्टीने शोधाची होय.

वसाहतीचा प्रारंभ : इंग्रज-नेपाळ युद्धात (१८१४–१६) कुमाऊँ प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कुमाऊँचा आयुक्त जी. डब्ल्यू. ट्रेल याने हे सरोवर पाहिले होते. परंतु स्थानिक लोकांना ते पवित्र असल्याने त्याने त्याचा गाजावाजा केला नाही, असे सांगतात. शाहजहानपूर येथील साखरेचा व्यापारी पी. बॅरन हा १८४१ मध्ये शिकारीच्या निमित्ताने भटकत येथे पोहोचला. त्याने ‘पिलग्रिम’ (यात्रेकरू) या टोपणनावाने वृत्तपत्रांतून या स्थळाचे वर्णन प्रसिद्ध केले व त्यामुळे तेथे घरे बांधण्यास यूरोपीय पुढे आले.

डोंगर व सरोवर यांवर नरसिंह नावाच्या थोकदाराचा (गावप्रमुखाचा) हक्क होता. बॅरनने त्याला होडीतून सरोवराच्या मध्यभागी नेले व हक्क सोडल्याच्या कागदावर सही न केल्यास पाण्यात बुडविण्याचा धाक घातला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. नरसिंहाने सही केली व पुढे त्याला पाच रुपये दरमहावर पटवारी नेमण्यात आले, असे म्हणतात. या कथेतील थट्टेचा भाग वगळला, तरी परंपरेने सामाईक असलेली गायराने व देवस्थानाची जागा कोणत्या रीतीने खाजगी इमारतींखाली गेली, यावर ती पुरेसा प्रकाश टाकते.

यानंतर वस्ती झपाट्याने वाढली. १८४५ मध्ये नगरपालिका स्थापन झाली व १८४६ मध्ये ‘सेंट जॉन इन द विल्डर्नेस’ या चर्चची पायाभरणी झाली. १८५७ च्या उठावात रोहिलखंडातून पळालेल्या यूरोपीयांनी येथे आश्रय घेतला. १८६२ मध्ये नैनिताल ही वायव्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. कचेऱ्या, वसतिगृहे, शाळा, उपाहारगृहे व बंगले यांसाठी उतार कापून सपाट जागा करण्यात आल्या आणि इमारती लाकडासाठी व जळणासाठी ओकची झाडे तोडण्यात आली. पावसाचे पाणी वाहून नेण्याची व्यवस्था मात्र वस्तीच्या मानाने फारच अपुरी होती.

१८८० ची दरड : धोक्याची सूचना आधीच मिळाली होती. १८६६ च्या सुमारास आल्मा टेकडीवर दरड कोसळली व १८७९ मध्ये त्याच जागी त्याहून मोठी कोसळली. तथापि बांधकामे थांबली नाहीत. सप्टेंबर १८८० मध्ये संततधार पाऊस लागला. १८ सप्टेंबरच्या सकाळपर्यंतच्या सु. ४० तासांत ठिकठिकाणी ५० ते ८९ सेंमी. पाऊस पडला. त्या दिवशी, शनिवारी, सकाळी व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागील डोंगराचा काही भाग खचला व हॉटेलच्या मागील इमारती गाडल्या गेल्या. अडकलेल्यांना काढण्यासाठी सैनिक, पोलीस, अधिकारी व मजूर जमले. खोदकाम चालू असतानाच दुपारी वरचा संपूर्ण उतार सुटला आणि हॉटेल, त्याखालील दुकान, सभागृह व नैनादेवीचे जुने देवालय यांना घेऊन काही क्षणांत सरोवरापर्यंत पोहोचला. या दुर्घटनेत १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १०८ भारतीय व ४३ यूरोपीय होती. मृतांत मदतीस आलेल्यांचा भरणा मोठा होता. सेंट जॉन चर्चमध्ये मृत यूरोपीयांचा स्मृतिलेख आहे. भारतीय मृतांपैकी बहुसंख्यांची नावे मात्र असे कोणतेही स्मारक सांगत नाही.

दरडीच्या मातीमुळे सरोवराच्या वायव्य काठावरील मोकळ्या जागेत मोठी भर पडली. ‘फ्लॅट्स’ या नावाने ओळखले जाणारे आजचे मैदान काही अंशी या मातीवर उभे आहे. खेळाचे सामने, जत्रा व मेळावे तेथे भरतात. नैनादेवीचे नवे मंदिर त्यालगतच काठावर बांधण्यात आले. व्याघ्रकथांचा लेखक जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) याचा जन्म नैनितालचाच. दरडीच्या वेळी तो पाच वर्षांचा होता. नंतर त्याच्या आईने सरोवरापलीकडे, अयारपाटाच्या बाजूस ‘गर्नी हाउस’ हे घर बांधले.

उतारांचे संरक्षण : दुर्घटनेनंतर सरकारने चौकशी केली. उतारावरील सपाट केलेल्या जागांतून पाणी निचरा न होता आत मुरले व त्याने झिजलेला शेल खडक ढिला झाला, हे कारण पुढे आले. म्हणून शेर-का-डांडा व अन्य उतारांवर दगडी बांधणीच्या नाल्यांचे जाळे उभारण्यात आले. आडव्या पकडनाल्यांतून पाणी गोळा करून ते उभ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या मुख्य नाल्यांत सोडावयाचे, पायऱ्यांमुळे त्याचा वेग कमी व्हावा व दगडमाती मध्येच अडावी, आणि शेवटी पाणी सरोवरात जावे, अशी ही योजना होती. धोक्याच्या उतारांवर बांधकामास बंदी घालण्यात आली व वृक्षतोडीवर निर्बंध आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टी. एच. हॉलंड याने १८९७ मध्ये येथील उतारांच्या स्थैर्यावर सविस्तर अहवाल दिला. राज्यपालांचे शेर-का-डांडावरील निवासस्थान जमीन खचू लागल्याने सोडावे लागले. सध्याचे गॉथिक शैलीतील राजभवन नव्या जागी १८९९ मध्ये पूर्ण झाले.

या व्यवस्थेने शहराला दीर्घकाळ तारले. १८९८ मध्ये बलिया नाल्याच्या बाजूस दरड कोसळून प्राणहानी झाली; परंतु मुख्य वस्तीवर १८८० सारखे अरिष्ट पुन्हा ओढवले नाही. म्हणजे पर्यटक ज्याला निसर्गनिर्मित शोभा समजतो, तीत या फारशा कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या नाल्यांचा वाटा मोठा आहे. त्यांतील गाळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी काढला, तरच ते उपयोगी पडतात. नाल्यांवर बांधकाम झाले वा त्यांत कचरा साठला, की पाणी पुन्हा उतारात मुरू लागते व गाळ आणि सांडपाणी सरोवरात येते.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर नैनिताल हे सर्वसामान्यांचे पर्यटनस्थळ झाले. शिक्षणकेंद्र म्हणूनही त्याचे महत्त्व वाढले. शेरवुड (१८६९) व सेंट जोसेफ (१८८८) या जुन्या शाळांना कुमाऊँ विद्यापीठाची (१९७३) जोड मिळाली. जवळच्या मनोरा शिखरावर वेधशाळा असून २००४ पासून ती आर्यभट्ट प्रेक्षण विज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. २००० मध्ये राज्यनिर्मितीबरोबर येथे उच्च न्यायालय स्थापन झाले.

वाढत्या वस्तीचा भार सरोवरावर पडला. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे शैवलांची बेसुमार वाढ होऊन खोल पाण्यातील ऑक्सिजन घटला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकहित याचिकेवर निर्णय देताना बहुमजली संकुले, वृक्षतोड, सरोवरात येणारे सांडपाणी व जड वाहने यांवर निर्बंध घालण्याचे आदेश दिले. २००७ पासून तळाशी हवा सोडून पाणी खेळते ठेवण्याचा उपाय सुरू झाला व त्याने पाण्याची प्रत काहीशी सुधारली. शहराला पिण्याचे पाणीही मुख्यत्वे हे सरोवर व त्याच्या काठच्या कूपनलिका यांतूनच मिळते. मल्लीतालच्या वरच्या अंगास असलेल्या सुखाताल या केवळ पावसाळ्यात भरणाऱ्या तळ्यातून झिरपणाऱ्या पाण्याने सरोवराचे पोषण होते. त्या भागातील बांधकामांमुळे हे झिरपणे कमी झाले. २०१७ च्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी इतकी उतरली, की काठाच्या कडेने गाळाची बेटे उघडी पडली. उलट ऑक्टोबर २०२१ च्या अतिवृष्टीत सरोवर भरून वाहिले व पाणी माल रस्त्यावर आले. ऑगस्ट २०१८ मध्ये खालच्या माल रस्त्याचा काही भाग सरोवरात खचला. बलिया नाल्याचे काठही ढासळत असल्याने तेथील कुटुंबांना हलवावे लागले आहे.

प्रेक्षणीय स्थळे : सरोवरातील नौकाविहार, नैनादेवीचे मंदिर व काठाचा माल रस्ता ही पर्यटकांची मुख्य आकर्षणे होत. वरच्या डोंगरांवर बांज (ओक), देवदार व सुरूची झाडी असून वसंतात बुरांसाची तांबडी फुले फुलतात. नैना शिखरावरून व स्नो व्ह्यू या ठिकाणाहून निरभ्र दिवशी नंदादेवी (७,८१६ मी.), त्रिशूळ इ. हिमशिखरे दिसतात, पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ त्यासाठी उत्तम. स्नो व्ह्यूला जाण्यास रज्जुमार्ग आहे. अयारपाटावरील टिफिन टॉप येथील ‘डॉरोथीची बैठक’ हा दगडी ओटा मोठा लोकप्रिय होता. ऑगस्ट २०२४ मध्ये दरड कोसळून तो नष्ट झाला. लँड्स एंड येथून खुर्पातालचे दृश्य दिसते. किलबरी व पंगोट येथील वने पक्षिनिरीक्षणासाठी ख्यातनाम आहेत. भीमताल, सातताल व नौकुचियाताल ही सरोवरे शहरापासून एका दिवसात पाहून येण्यासारखी आहेत. भाद्रपदात भरणारी नंदादेवीची जत्रा हा शहराचा सर्वांत मोठा उत्सव असून, बॅरन येण्यापूर्वी ज्या सरोवरकाठी डोंगरातील लोक देवीला भेटावयास येत, तेथेच आजही ते जमतात.