काकाजींची बेस गिटार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये दोघातिघांनी विचारलं की ब्लॉग बंद केला का म्हणून. बंद नाही केला, एका उद्योगात अडकलो होतो. आजचं लिखाण त्या उद्योगाबद्दलच आहे. संगीतातलं कळत नाही म्हणून पान बंद करू नका, मलाही बेताचंच कळतं :-)

झालं असं की दिवाळीत यवतमाळला गेलो होतो. काकूने माळ्यावरची पितळी भांडी काढायला चढवलं, आणि भांड्यांच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेली, काकाजींची बेस गिटार सापडली. चारपैकी एक तार तुटलेली, बाकीच्या गंजलेल्या, पण मान सरळ! खाली आणून पुसली. काकाजी खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

घरातल्यांना माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. दिवसा जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे आणि रात्री ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात प्रसिद्ध आहे, त्यामुळे नवरात्रात त्यांना झोप नसायची. एरवीही वणी, पुसद, उमरखेड, दिग्रस, कुठूनही सुपारी आली की मेटॅडोरमध्ये स्पीकरच्या खोक्यांवर बसून मंडळी निघायची. बेसवाला हा ऑर्केस्ट्रातला सगळ्यात दुर्लक्षित माणूस. गायकाला टाळ्या, ढोलकीवाल्याला शिट्ट्या, आणि बेसवाला मागे अंधारात. तो थांबला तरच लोकांना कळतं की काहीतरी कमी झालं.

१९९६ साली तो खरंच थांबला. भांडण नाही, तंटा नाही. ऑर्केस्ट्रात नवा कीबोर्ड आला होता. डाव्या हाताने एक कॉर्ड दाबली की ताल, कॉर्ड आणि बेस तिन्ही आपोआप वाजायचं. एक नाइट वाचत होती, एक माणूस कमी झाला. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्याच वर्षी मी वडिलांकडे हट्ट करून छोटा कॅसिओ घेतला होता. (आमच्याकडे कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड ‘कॅसिओ’च, पण माझा खरोखर कॅसिओच होता.) मी दहा वर्षांचा. काकाजींना ओढत नेऊन दाखवलं, “बघा, एका बोटात बेस वाजतो!” ते म्हणाले, “वा, मस्त आहे.” पंधरा दिवसांनी गिटार माळ्यावर गेली. मला त्याचा अर्थ कळायला पुढची दहा वर्षं लागली.

असो. गिटार पुण्याला घेऊन आलो, तारा बदलल्या आणि डोक्यात एक खूळ शिरलं. ज्या यंत्राने काकाजींना उठवलं, तेच यंत्र त्यांच्या गिटारीला जोडलं तर? म्हणजे बोटं त्यांची आणि आवाज सिंथेसायझरचा. त्यासाठी साउंड मॉड्यूल शोधायला लागलो आणि शोधता शोधता इतिहासात शिरलो.

यंत्राने बेसवाल्याची जागा घेण्याची गोष्ट कॅसिओपासून सुरू होत नाही. १९८१ साली जपानच्या रोलंड कंपनीने टीबी-३०३ नावाची चपटी चंदेरी पेटी काढली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्यांना साथ द्यायला ‘बेसवाला’, असा तिचा उद्देश होता. ती खऱ्या बेससारखी मुळीच वाजायची नाही. खप झाला नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद पडलं. पण त्याआधीच मुंबईच्या एका वादकाने ती घेतली होती. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवायचे, शिवाय लग्नकार्यांत स्वतःचा ऑर्केस्ट्राही करायचे. त्यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एकत्र जोडून १९८२ साली ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. भैरवी, ललत, भूपाळी, मालकंस, सगळे डिस्कोच्या ठेक्यावर! तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी त्याच टाकाऊ पेटीतून ‘ॲसिड हाउस’ नावाचं संगीत काढलं आणि ते जगभर गाजलं. २०१० मध्ये ही तबकडी पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले, की हे तर मुंबईत पाच वर्षं आधीच झालं होतं! चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले. जाण्याआधी त्यांना हे कौतुक पाहायला मिळालं, हे बरं झालं.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या पेटीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या कानाला ती मींडेच्या जवळची वाटते. पेटी बनवणाऱ्यांच्या डोक्यात राग नव्हते. वाजवणाऱ्याच्या डोक्यात होते. यंत्र कोणाच्या हाती पडतं यावर बरंच अवलंबून असतं.

त्या काळी एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी सहसा बोलायचं नाही. ती अडचण सोडवली १९८३ मध्ये ‘मिडी’ने. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी हे त्यामागचे मुख्य लोक. त्या जानेवारीत दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका तारेने जोडून दाखवले गेले. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, हे लक्षात ठेवा. जुन्या मनीऑर्डरीत नोटा जात नसत, निरोप जायचा आणि पैसे तिकडचं पोस्ट द्यायचं. तसंच हे. “अमुक स्वर, इतक्या जोरात” एवढाच निरोप जातो. आवाज देतं ते पलीकडचं मॉड्यूल. आपल्या ऑर्केस्ट्रांचा लाडका ऑक्टोपॅड आठवा. १९८५ सालच्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा आवाजच नव्हता! काडी मारायची इथे आणि वाजायचं तिकडे.

मग बेस गिटारचं तसंच का होऊ नये? इथे गंमत आहे. पॅडवर काडी पडली की काम झालं. तार छेडल्यावर मात्र यंत्राला आधी ओळखावं लागतं की हा स्वर कोणता. त्यासाठी तारेची निदान एक-दोन कंपनं पुरी व्हावी लागतात. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला २४ मिलिसेकंद. दोन कंपनं मोजायची तर जवळजवळ ४९. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे १७ मीटर जातो. म्हणजे बेसवाला ढोलकीवाल्याच्या शेजारी उभा आहे, पण ऐकू येतोय पन्नासेक फुटांवरून! साध्या गिटारीच्या बारीक तारेचं कंपन ३ मिलिसेकंदांचं असतं, म्हणून त्यांचं निभावतं. मिडीच्या तारेला उगाच दोष देतात. एका स्वराचा निरोप ती एका मिलिसेकंदात पोचवते. उशीर ओळखण्यात होतो.

यावर लोकांनी बरंच डोकं चालवलं. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह चिक यांनी पट्ट्यांनाच तारा जोडून बोट कुठे आहे ते थेट ओळखायची युक्ती काढली. म्हणजे कंपन मोजायची गरजच नाही. पुढे पीव्ही कंपनीचे मिडी बेसही आले. पण त्यासाठी गिटारच तशी बनवावी लागते. काकाजींच्या गिटारीची मान फोडायची माझी हिंमत नव्हती. मी रोलंडचा जीके-३बी नावाचा पिकअप बसवला. तो प्रत्येक तारेचा आवाज वेगळा उचलतो आणि दुसऱ्या एका डब्यात त्याचा मिडी होतो.

आता मॉड्यूल. दोन महिने जुन्या बाजारातल्या जाहिराती चाळल्या. थोडक्यात सांगतो, कुणाला उपयोग होईल.

जाहिरातीत आधी ‘एका वेळी किती स्वर’ हा आकडा असतो. आपल्याला चार तारा, त्यामुळे तो विसरा. बघायचं ते हे, की मॉड्यूल चार वेगळ्या चॅनलवर चार आवाज देतं का. प्रत्येक तारेला आपला चॅनल हवा, नाहीतर एक तार ओढली की बाकीच्याही बेसूर होतात. दुसरं, स्वर ओढण्याची मर्यादा दोन्ही डब्यांत सारखी ठेवायची. मॉड्यूलमध्ये ती बहुधा दोनच अर्धस्वर असते, मी दोन्हीकडे बारा ठेवली. तिसरं, मागची पट्टी वाचा! जपानहून आलेलं जुनं यंत्र १०० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टला सरळ लावलं की धूर. लोडशेडिंगच्या काळात व्होल्टेज वरखाली होऊन काकाजींच्या ऑर्केस्ट्राचा एक ॲम्प्लिफायर असाच गेला होता, त्यामुळे हा धडा घरचा आहे.

१९९१ चं रोलंड एससी-५५ म्हणजे राइस प्लेट. बेसचे आठही प्रकार मिळतात, सगळे ठीकठाक. १९९४ चं जेव्ही-१०८० उत्तम, पण मला परवडेना. शेवटी यामाहाचं १९८७ चं टीएक्स८१झेड घेतलं. त्यातला ‘लेटली बास’ नावाचा आवाज तुम्ही नाव माहीत नसतानाही शेकडो नाचाच्या गाण्यांत ऐकला असेल. डबा काळा, जाडजूड पुस्तकाएवढ्या उंचीचा. सोबत ट्रान्सफॉर्मर घेतला तो वेगळा.

संक्रांतीला सगळं घेऊन यवतमाळला गेलो. काकाजींच्या मांडीवर गिटार ठेवली. आधी नको-नको केलं, मग बोटं आपोआप जागेवर गेली. दोन मिनिटं वाजवलं आणि थांबले.

“आवाज चांगला आहे. पण हा मागून येऊन राहिला.”

मी आकडे सांगायला लागलो, कंपनं, मिलिसेकंद. त्यांनी हात वर केला. “ते राहू दे. गिटारीचा स्वतःचा आवाज बंद काहून केला?”

खरंच की! मी हौसेने फक्त मॉड्यूलचा आवाज ठेवला होता. गिटारीची मूळ तार ॲम्प्लिफायरला जोडली, तर दोन ठोके ऐकू यायला लागले, टक-टक. मग मॉड्यूलच्या आवाजाची सुरुवात मऊ केली, आणि काकाजींना वरच्या सप्तकात वाजवायला सांगून मॉड्यूल एक सप्तक खाली घेतलं. तिथे कंपनं दुप्पट वेगाने होतात, त्यामुळे उशीर निम्म्यावर येतो. आता ठोका तारेचा होता आणि त्याच्या खाली यंत्राचा आवाज भरत होता.

“हं. आता बरं आहे. तार पुढे, डबा मागे.”

अर्धा तास वाजवत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही. मला त्या कॅसिओबद्दल काहीतरी म्हणायचं होतं, तीस वर्षं राहिलेलं. सुरुवातही केली, “काकाजी, तेव्हा मी तो कीबोर्ड...”

“अरे तू पोट्टा होता,” ते म्हणाले, “आणि तो खरंच मस्त होता.” आणि पुढच्या गाण्याची चाल शोधायला लागले.

मॉड्यूल तिकडेच ठेवून आलोय. ट्रान्सफॉर्मरवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे. आत्या, तू यवतमाळला गेलीस की तेवढं एकदा बघून घे, काकाजी डबा सरळ भिंतीत लावत नाहीत ना.