भूर्जाच्या लाकडातला गोडवा

दोन वर्षं बाजारातलं गोड तोंडात घालायचं नाही. जॅम, आइस्क्रीम, चॉकलेट, लोणची, ज्यात ज्यात साखर पडते ते सगळं संशोधक देतील तेच खायचं. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९७२ साली १२५ माणसांनी ही अट मान्य केली. त्यांपैकी ३५ जणांच्या वाट्याला नेहमीची साखर आली, ३८ जणांच्या फ्रुक्टोज आणि ५२ जणांच्या झायलिटॉल. प्रयोगाचे सूत्रधार होते दंतवैद्य आर्ये शायनिन आणि जीवरसायनशास्त्रज्ञ काउको मॅकिनेन.

झायलिटॉल काही नवं नव्हतं. एमिल फिशर यांच्या जर्मनीतल्या प्रयोगशाळेत ते १८९१ मध्येच तयार झालं होतं. पण साखर स्वस्तात मिळत असताना त्याला विचारतो कोण? फिनलंडकडे मात्र भूर्जाची जंगलं होती. भूर्जाच्या लाकडातल्या झायलनपासून झायलोज काढायचं आणि त्याला हायड्रोजन जोडायचा, की झायलिटॉल तयार. गोडीला साखरेइतकंच, उष्मांक मात्र सुमारे ४० टक्के कमी.

दोन वर्षांनी दात मोजले गेले. साखरवाल्यांच्या तोंडात कीड लागलेले, भरलेले किंवा गेलेले दातांचे पृष्ठभाग सरासरी ७.२ ने वाढले होते, फ्रुक्टोजवाल्यांचे ३.८ ने. झायलिटॉलच्या गटात वाढ शून्य! अर्थात एवढं झायलिटॉल रोज खायचं तर पोट बिघडतं. मोठ्या मात्रेत ते पूर्ण शोषलं जात नाही, आतड्यात पाणी ओढून घेतं. शिवाय सगळा स्वयंपाक त्यात करणं कुणाला परवडणार होतं?

याच प्रकल्पातल्या छोट्या चाचणीने व्यवहाराचा प्रश्न सोडवला. सुमारे १०० तरुणांनी, ज्यांत बहुतेक वैद्यक आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, आहार न बदलता वर्षभर फक्त च्युइंगम चघळलं. साखरेच्या च्युइंगमवर कीड २.९२ ने वाढली, झायलिटॉलच्या च्युइंगमवर आकडा चक्क वजा १.०४ आला. वजा, कारण सुरुवातीच्या पांढुरक्या डागांत लाळेतले क्षार परत बसून काही जागा पुन्हा टणक झाल्या होत्या.

खरी गंमत जंतूच्या फजितीत आहे. दात किडवण्यात पुढे असणारा स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स झायलिटॉलला फ्रुक्टोज समजून आत घेतो आणि त्यावर फॉस्फेट चढवतो. पुढे त्याचं काहीच करता येत नाही. मग ते बाहेर टाकायला आणखी ऊर्जा खर्च. हाती काही लागत नाही, आम्लही तयार होत नाही.

१९७५ मध्ये तुर्कूच्याच हेलास कंपनीने ‘येन्की’ हे आपलं च्युइंगम झायलिटॉल घालून बाजारात आणलं. त्या देशात पुढे जेवणानंतर झायलिटॉलची गोळी ही पाळणाघरातल्या पोरांचीही सवय होऊन बसली.

या यशाचं श्रेय एकट्या झायलिटॉलचं नाही, हे मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये दिसलं. च्युइंगमचा मूळ चीक, चिकल, ज्या झाडातून निघायचा, त्या झाडाचा हा मुलूख. (डहाणू-घोलवडच्या बागांतला चिकू म्हणजे तेच झाड, आपण फळ खाल्लं, तिकडे चीक चघळला.) तिथे १,२७७ शाळकरी मुलांवर ४० महिने चाललेल्या चाचणीत झायलिटॉलचं च्युइंगम सर्वांत सरस ठरलं, पण सॉर्बिटॉल या दुसऱ्या गोड पदार्थाच्या च्युइंगमनेही कीड कमी केली. दोन्हींत साखर नव्हती, आणि चघळल्याने सुटणारी लाळ आम्ल धुऊन नेतेच. म्हणजे ‘साखर नाही’ यातच निम्मा फायदा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या पिढीचे परीक्षक अधिक कडक निघाले. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्याने दहा अभ्यास तपासले. फ्लोराइडसोबत झायलिटॉल असलेल्या टूथपेस्टने कीड सुमारे १३ टक्के कमी होते, एवढंच आणि तेही कमकुवत पुराव्यावर मान्य केलं. च्युइंगमसाठी पुरावा अपुरा ठरवला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र २००८ मध्ये मुलांच्या बाबतीत झायलिटॉल च्युइंगमचा दावा ग्राह्य धरला होता. दोन संस्था, दोन निकाल!

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तात झायलिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण अधिक आढळलं. ३० ग्रॅम झायलिटॉलचं पेय प्यायल्यावर रक्तातल्या बिंबिकाही गुठळी करायला जास्त उतावीळ दिसल्या. च्युइंगमच्या एका गोळीत ते ग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी असतं, हे बातम्यांच्या मथळ्यांत हरवलं. शिवाय झायलिटॉल थोड्या प्रमाणात शरीरात आपोआपही तयार होतं. त्यामुळे रक्तातलं झायलिटॉल नेमकं खाण्यातूनच आलं की नाही, हा प्रश्न उरतोच.

कुत्र्यांच्या बाबतीत मात्र वाद नाही. त्यांच्या शरीरात झायलिटॉलमुळे इन्सुलिन भसकन वाढतं, रक्तातली साखर कोसळते, यकृतही निकामी होऊ शकतं. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलच्या च्युइंगमची पाकिटं त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावी लागतात.