एका दुर्बिणीचा प्रवास

बंगळूर शहरी एखाद्या निरभ्र सायंकाळी हौशी आकाशनिरीक्षक मैदानात दुर्बीण मांडतात आणि जमलेल्या आबालवृद्धांना शनीचे कडे दाखवितात. कचेरीतील फायलींत दिवस घालविणारा माझ्यासारखा मनुष्य त्या रांगेत उभा राहिला, की त्याच्या मनात प्रश्न येतो : वेधशाळांत प्रचंड यंत्रे असताना या हौसेचे मोल ते काय? उत्तर एका दुर्बिणीच्या इतिहासात आहे.

बंगालमधील जेसोर येथे राधागोविंद चंद्र नावाचे गृहस्थ सरकारी खजिन्यात नोकरी करीत. 1878 साली जन्मलेल्या या गृहस्थांना तीनदा प्रयत्न करूनही प्रवेशपरीक्षा साधली नव्हती. 1910 चा हॅलेचा धूमकेतू त्यांनी बारकाईने पाहिला, 1912 मध्ये इंग्लंडहून 3 इंची दुर्बीण मागविली आणि 1918 च्या जूनमध्ये गरुड तारकासमूहातील नवतारा त्यांच्या दृष्टीस पडला. ते टिपण त्यांनी अमेरिकेत हार्वर्डला पाठविले. तेथूनच रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संघटनेशी त्यांचा ऋणानुबंध जुळला.

रूपविकारी तारा म्हणजे ज्याचे तेज कमीजास्त होते असा तारा. शेजारच्या ज्ञात तेजाच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करून अंदाज नोंदवावयाचा, इतकेच काम. परंतु एका ठिकाणी ढग असतील वा दिवस उजाडला असेल, तेव्हा दुसरीकडच्या कुणीतरी पाहावे लागते. नोंदी एकत्र आल्या, म्हणजेच ताऱ्याचा अखंड वृत्तांत तयार होतो. चंद्र यांनी अशा 37 हजारांहून अधिक नोंदी पाठविल्या. त्यांचे काम पाहून संघटनेने 1926 मध्ये 6 इंची दुर्बीण समुद्रापलीकडून त्यांच्याकडे धाडली.

फाळणीनंतर चंद्र कलकत्त्याजवळ बारासात येथे आले. वार्धक्यात ती दुर्बीण त्यांच्याकडून वेणू बाप्पू यांच्या हाती गेली. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेतील एका सहायकाचा हा पुत्र. 1949 साली हार्वर्डला विद्यार्थी असताना त्यांनी एका धूमकेतूचा शोध लावला होता. पुढे बाप्पूंनी तमिळनाडूत कावलूरची वेधशाळा उभारली आणि दुर्बीणही तेथे पोहोचली. ही वेधशाळा ज्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची, तिचे मुख्यालय आज बंगळूरलाच आहे.

एका कारकुनाच्या अंगणातील यंत्र शास्त्रज्ञांच्या घरी नांदले, याचे कारण त्याने पाहिलेले स्वतःपाशी ठेवले नाही. पुण्यात 1944 साली हौशी निरीक्षकांसाठी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली; तिचेही बळ एकत्र बसून पाहण्यातच आहे. आज नगरातील दिव्यांच्या झगमगाटात मंद तारे लोपत चालले आहेत. अशा वेळी दुर्बिणीपाशी उभे राहून अनोळखी मुलास ‘ये, पाहा’ म्हणणारा मनुष्य केवळ करमणूक करीत नाही. पुढची नोंद करणारे डोळे तो तयार करीत असतो.