लाकूड आणि लोखंडाचा सांधा

दाराच्या चौकटीत बिजागरी बसविताना फट राहिली, तर सुतार ती लांबी भरून बुजवतो. बंदुकीच्या लाकडी दस्त्यात ही सवलत नसते. बार उडताच नळी मागे रेटली जाते आणि तो धक्का लाकडाला सोसावा लागतो. नळीचे बूड लाकडाला सर्वत्र सारखे टेकलेले नसेल, तर सारा भार एका जागी येऊन दस्ता चिरतो.

अठराव्या शतकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टर परिसरात, जर्मनभाषक कारागिरांनी घडविलेली ‘लाँग रायफल’ हे या कारागिरीचे उत्तम उदाहरण होय. चकमकीवर चालणाऱ्या या ठासणीच्या बंदुकीची नळी बहुधा ४० इंचांहून लांब असे. मेपलचा दस्ता नळीच्या तोंडाजवळपर्यंत पोहोचे.

भाग बसविण्याचा क्रम ठरलेला असतो. प्रथम नळी, मग चकमकीचा कळसंच, त्यानंतर चाप. याचे कारण सरळ आहे. कळसंचावरील दारूची वाटी नळीच्या बत्तीच्या छिद्रासमोर यावी लागते, तर चाप कळसंचातील खटक्यापर्यंत पोहोचावा लागतो. पहिली खाच चुकली, की पुढचे सारे चुकते.

खाच कोरण्याचे तंत्र साधे, पण चिकाटीचे आहे. धातूच्या भागाला तेलात कालवलेली काजळी लावून तो खाचेत दाबतात व उचलतात. जेथे काळा डाग उमटतो, तेवढेच लाकूड पटाशीने तासतात. भाग पूर्ण बसेपर्यंत हे अनेकदा करावे लागते. आजूबाजूचे लाकूड किंचित उंच ठेवून शेवटी ते धातूच्या पातळीला आणले जाते. दस्त्याच्या बुडाची पट्टी, चापाचे कडे आणि गजाच्या नळ्या हे पितळी भाग नंतर बसतात.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे दस्त्याची मान. कळसंच, चाप व नळीच्या शेपटीचा स्क्रू यांच्या खाचा तिच्याजवळच एकत्र येतात. तेथे गरजेपेक्षा जास्त कोरलेले लाकूड परत मिळत नाही. ओलाव्याने लाकूड फुगते, लोखंड गंजते. म्हणून लाकूड चांगले वाळलेले लागते आणि खाचांनाही आतून तेल द्यावे लागते.

व्हर्जिनियातील कलोनिअल विल्यम्सबर्ग येथे ही विद्या विसाव्या शतकात पुन्हा जिवंत करण्यात आली. तेथील कारागीर वॉलेस गस्लर यांनी हाताने संपूर्ण रायफल घडविल्याचे चित्रण १९६९च्या माहितीपटात आहे. यंत्राच्या युगातही या सांध्याची परीक्षा तीच : धातू लाकडातच उगवल्यासारखा दिसला पाहिजे.